बैलांना आवतन

"मॅडम, सात नंबरचे आजोबा बरळून राहिले," आचल धापा टाकत म्हणाली. "म्हणतात, बैलांना जेवायला बोलवायचंय. सलाईन ओढत होते. सिस्टर झोपेचं इंजेक्शन भरून राहिल्या."

दीपमाला मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. नर्सिंगच्या मुलींना त्या आठवडाभर एकच गोष्ट शिकवत होत्या. ज्याचं दुखणं आता बरं होणार नाही, त्याचा जीव कशात अडकलाय ते शोधा.

"तू काय केलंस?"

"हनुमान चालीसा म्हटली. पूर्ण."

"त्यांनी मागितली होती?"

"नाही. म्हणाले, पोरी, तुले काहून घाई हाये मले पोचवाची?"

मॅडमना हसू आवरेना. "जा, आधी विचार, कोणते बैल. सिस्टरना मी थांबवते."

आचल अकोला शहरातली, जठारपेठेतली. बैल तिने रस्त्यावरच पाहिलेले. ती खाटेजवळ बसली. "आजोबा, कोणते बैल?"

भगवंतरावांनी मान वळवली. बोलताना त्यांना दम लागत होता. "माहे. वलगावले हायेत. उद्या पोळा नाई का? आज सांजच्याले त्यायचा खांदा हळद-लोण्यानं शेकाचा अन् कानात आवतन द्याचं. मालकानं. आवतनाबिगर कसे जेवतीन ते?"

"तुमचा मुलगा देईल ना."

"अमोल? मालक मी हाओ ना अजून!"

आचलने फोन काढला. "नंबर सांगा."

पडद्यावर गोठा आला, अमोल आला, मग तांबड्या बैलाचा भलामोठा कान. बैलाने कान झटकला आणि फोन शेणात पडला.

"लाल्या! उभा राह्य नीट, लेकाच्या!" भगवंतराव गरजले. शेजारच्या खाटेवरचे शालिकराम दचकून उठून बसले. तिकडे शेणातून मालकाचा आवाज आला आणि लाल्या जागच्या जागी थांबला.

अमोलने फोन पुसून पुन्हा लाल्याच्या कानाशी धरला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," भगवंतराव हळूच म्हणाले. दुसऱ्या बैलालाही म्हणाले. मग अमोलला म्हणाले, "आता खांदा दाखव लाल्याचा."

पडदाभर तांबडा खांदा आला. भगवंतरावांनी डोळे मिटले आणि काचेवर अंगठा रगडायला सुरुवात केली. रगडता रगडता अंगठा लाल खुणेवर पडला नि फोन कट झाला. अंगठा थांबला नाही. दारात दीपमाला मॅडम उभ्या होत्या. मागे सिस्टर.

"आता दुसरा खांदा दे रे, लाल्या," भगवंतराव पुटपुटले.

आचलने अलगद फोन उलटा करून त्यांच्या अंगठ्याखाली धरला.