शून्याचा खिळा

"मामा, एक लावा! एक लावा!"

सगळं कॉलेज ओरडत होतं आणि शिपाईमामा शिडीवर पक्कड घेऊन घाम गाळत होते. कॉलेजच्या मुलींनी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात गोल केला होता. गुणफलकावर घरच्या बाजूला मात्र अजून शून्यच होतं, कारण ते खिळ्यानं ठोकलेलं होतं.

ठोकलं होतं मामांनीच, दोन वर्षांपूर्वी. तोवर दर सामन्याला ते शून्य लावायचं आणि शेवटी तेच काढून ठेवायचं, असा नसता उद्योग चालला होता. पाहुण्यांचे आकडे वापरून वापरून पिवळे पडले होते. घरचे आकडे अजून दुकानातल्या कागदात गुंडाळलेले. पाहुण्यांचं शून्य तर कधीच हरवलं होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पाच-दहा मिनिटांत त्यांचा गोल व्हायचाच.

या वर्षी पाइपलाइनसाठी मैदान खणलेलं, ते अंतिम सामन्याच्या तोंडावर बुजवलं. मुली आधीचे सगळे सामने परक्या मैदानांवर खेळल्या आणि पाचच्या पाच जिंकून आल्या. मामांनी त्यातला एकही पाहिला नाही. पहिल्या विजयाला ते म्हणाले, समोरच्या पोरी आजारी असतील. तिसऱ्याला म्हणाले, रेफ्री भला माणूस दिसतो. पाचव्याला म्हणाले, आमटी वाढ. ही टिंगल घरी जेवताना चालायची, कारण संघाची गोलकीपर त्यांची स्वतःचीच मुलगी होती. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष.

आज सकाळी ती फळ्याखाली येऊन उभी राहिली.

"बाबा, आता तरी तो खिळा काढा."

"वाऱ्यानं पडतं गं ते."

"वारा काय फक्त आमच्याच आकड्याला लागतो?"

उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली. मामांना ते दिवसभर बोचत राहिलं. वाऱ्याचं नुसतं निमित्त होतं. पहिल्या वर्षी दर सामन्यानंतर लेकीला मान खाली घालून येताना पाहिलं आणि त्यांनी आशाच सोडून दिली. ती पुन्हा धरायची त्यांना भीती वाटत होती.

खिळा कुरकुरला, वाकला आणि एकदाचा निघाला. मामांनी कागद फाडून कोरा करकरीत एक लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शून्य काखेत मारून, खिळा खिशात टाकून ते खाली उतरतात तोच शिट्टी वाजली. पाहुण्यांना पेनल्टी. सामना संपायला दोन मिनिटं उरली होती.

सवयीनं मामांचा हात आकड्यांच्या पेटीत गेला. पाहुण्यांचा पिवळा एक बोटांत आलासुद्धा. पलीकडे दोन खांबांच्या मध्ये लेक गुडघ्यात वाकून उभी होती. तिनं एकदाच फळ्याकडे पाहिलं. मामांनी तो एक पेटीत टाकला, झाकण लावलं आणि झाकणावर बसले.

चेंडू डाव्या कोपऱ्याकडे सुटला. तीही तिकडेच झेपावली. हातमोज्याच्या टोकाला लागून चेंडू खांबाबाहेर गेला आणि मामा रडत आहेत हे शेजारच्या प्राध्यापिकाबाईंना कळायच्या आत शेवटची शिट्टीही झाली.

मैत्रिणींच्या खांद्यांवरून कशीबशी उतरून ती फळ्याकडे धावत आली. बाबा पुन्हा शिडीवर होते, या वेळी पाहुण्यांच्या बाजूला. वाकडा खिळा त्यांनी दगडावर ठोकून सरळ केला होता. रिकाम्या चौकटीत जुनं शून्य धरून त्यावर ते हातोडी चालवत होते.

"बाबा, सामना संपला. आता कशाला ठोकताय?"

आसपास झाडाचं पानही हलत नव्हतं.

"वाऱ्यानं पडतं गं ते," मामा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक घाव घातला.