घरच्यांसकट एक चक्कर

पूजेचा नारळ पिशवीत तयार होता. गडचिरोलीहून पेशंट नागपूरला न्यायला मला असंच विमान हवं होतं: एका इंजिनाचं, सहा सीटचं, मागच्या दोन काढल्या की स्ट्रेचर मावेल असं. विकणारे कॅप्टन रेगे विमानाच्या दारावर थाप मारून म्हणाले, "जुनं असलं तरी इंजिन ठणठणीत आहे. डोळे झाकून घ्या, मॅडम."

कागदपत्रं चोख होती. माझ्या इंजिनिअरलाही खोट सापडली नव्हती. पण माझे वडील जन्मभर जुने ट्रक घेत आले, आणि सौद्याआधी विकणाऱ्याला ते एकच गोष्ट सांगायचे. मीही तीच सांगितली.

"घरच्यांना बसवा. एक चक्कर मारू, मग नारळ फोडू."

कॅप्टनची सून आणि नात त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. नात टाळ्या पिटत पायरीवर चढलीसुद्धा.

"मुक्ता, उतर खाली!" कॅप्टन ओरडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला नको. ऊन फार आहे. आपण दोघंच जाऊ."

बाहेर सकाळपासून ऊन पडलंच नव्हतं.

मी पिशवीतला नारळ काढून मुक्ताच्या हातात दिला. "आईला सांग, याची चटणी कर."