चौथं पोतं

“निघन तेच लिवजो, बाई. पदरचं काई टाकू नोको.”

प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा बाबांनी, वारलूंनी, नंदिनीला हे सांगितलं होतं. तिनं तसा शब्द दिला होता. रोज तराजूला नमस्कार करून ती ते मनात म्हणे. त्याआधी पाणीही घेत नसे.

त्या दिवशी चंद्रपूरला चार खाणपट्ट्यांतून लोहखनिजाची चार पोती तपासायला आली. चौथ्याच्या चिठ्ठीवर तिच्याच गावच्या देवडोंगरीचं नाव होतं. खाली पोतं भरणाऱ्या मजुराची सही, वारलू.

त्या डोंगरीवरून उतरताना गाववाले पाय झटकतात. देवाची माती घरी आणायची नाही. बाबांनी पोतंभर कशी आणली असेल?

फॉस्फरसानं लोखंड ठिसूळ होतं; तो जास्त निघाला तर कंपनी डोंगरी सोडणार होती. कमी निघाला तर देवासकट खोदणार.

गावातून फोनावर फोन आले. एक आकडा तर इकडचा तिकडे करायचा, तेवढंही माहेरासाठी होत नाही का, असं काकूनं सुनावलं. बाबांनी मात्र काहीच मागितलं नाही. ते निवांत होते.

नंदिनीनं माल तीनदा तपासला. तिन्ही वेळा फॉस्फरस नावालाच. दुसऱ्या पोत्यातल्या, चालू खाणीच्या मालाशी आकडे तंतोतंत जुळत होते. एका खड्याला डांबराचा ठिपका होता. पोत्याचा असेल म्हणून तिनं तो खरवडून टाकला.

“मॅडम, हे तं जुळे भाऊ दिसून राह्यले,” सोबतचा प्रवीण म्हणाला.

तिला हसू आलं नाही. सही करून तिनं अहवाल पाठवला.

निदान स्वतःच्या तोंडानं सांगावं म्हणून दुसऱ्या सकाळी ती गावाला निघाली. फाट्यावर उतरली तेव्हा त्या चालू खाणीचे टिप्पर माल घेऊन रांगेनं चालले होते. सडकेवर सांडलेले लाल खडे चपलेखाली करकरले.

बाबा अंघोळ करून दारात उभे होते. अनवाणी, हातात नारळ.

“बाबा, अहवाल गेला.”

“निघालं तेच लिवलं ना?”

“हो.”

“मंग झालं. डोंगरी वाचली तं नारळ देईन, असं बोललो होतो देवाले. फेडून येतो.”

“बाबा, तो माल...”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “भिऊ नोको. कंपनीचे साहेब मोहाच्या झाडाखाली गाडीतच बसून होते. देवाच्या अंगाले सब्बल कशी लावू म्यां? फाट्यावर टिप्परातून सांडलेलं भरून देल्लं. सडकेवरचा कचरा तो, त्याच्यात कामाचं का निघते?”

आणि ते सावकाश डोंगरीच्या वाटेला लागले.