कांताची सीट

आर्वीच्या प्रेमदासजींना गाड्या खोलायची हौस. इतकी वर्षं जीप आणि अँबॅसिडर दुरुस्त केल्या, आता भारी गाड्याही दुरुस्तीला घेऊ लागले. ओळख नव्हती, पण नाव ऐकून मी माझी विदेशी गाडी त्यांच्याकडे सर्व्हिसिंगला दिली.

माझी बायको कांता गेल्यापासून मी रोज त्या गाडीतलं एक बटण दाबायचो. ड्रायव्हरची सीट आपोआप सरकायची आणि कांता चालवताना जिथे असायची, तिथे थांबायची.

गाडी परत आली. बटण दाबलं, पण सीट हललीच नाही. मी फोन केला.

"बॅटरी काढली होती ना भाऊ, सेटिंग उडालं असन."

"बायकोचं होतं ते. परत येईल?"

"काऊन नाई येनार? सीट जमवून बटन दाबून ठेवाचं, झालं.


फक्त वहिनीले एकदा गाडीत बसवा लागन."