आठवा बोल्ट

"तो पाना काढा आधी. पूजेला बसायचंय त्याला," इंदिराबाई म्हणाल्या.

"येत नाही," फत्तेसिंगराव बॉनेटमध्ये डोकं घालूनच म्हणाले. "बोल्टवर अडकून बसलाय."

घरातली बाकीची हत्यारं आयुधपूजेसाठी केव्हाच देवापुढे गेली होती. पणजोबांची तलवार, तिच्या शेजारी करवत, हातोडी, अकरा पाने आणि, कुणी ठेवली कळलं नाही, पण नारळाची खवणी. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा या घराचा नियम. पणजोबा इथल्या संस्थानच्या महाराजांच्या घोडदळात होते. आयुधपूजेच्या दिवशी शत्रू आला असता तर त्यालाही ते उद्या ये म्हणाले असते.

या बाराव्या पान्यापायी फत्तेसिंगरावांच्या लेकीचा, वाणीचा, जीव टांगणीला लागला होता. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर तिची नवी गाडी येणार होती. आयुष्यातली पहिली, स्वतःच्या पगाराची. पोर्चमध्ये जागा एकाच गाडीची, आणि तिथे अप्पांची पिस्ता रंगाची जुनी गाडी. बाहेर लावायची तर शेजाऱ्यांच्या माडाखाली. त्या माडाने आजवर दोन स्कूटर आणि एक पाहुणा जायबंदी केला होता. जुन्या गाडीला गिऱ्हाईक वाणीनेच शोधलं होतं, एच. डी. कोटे गावचे दामोदरराव. त्यांची अट एकच. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड चिरलाय, गाडी फटाक्यांच्या माळेसारखी वाजते. तेवढा बदला, दसऱ्याला येऊन घेऊन जातो.

मॅनिफोल्डला आठ बोल्ट. गंजलेले सात अप्पांनी एका दिवसात काढले. आठवा तीन आठवडे निघत नव्हता. मेकॅनिकचं नाव काढलं की अप्पा दुखावत. बेळगोळच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते ते. निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्यांनी खिडकीत बसून रस्त्यावरच्या रिक्षा मोजण्यात घालवली होती. आता मात्र रोज ठीक दहाला खाकी शर्ट चढवून पोर्चमध्ये जात. अकराला इंदिराबाई कॉफी नेऊन देत. मधूनमधून "हुं!" असा जोर लावल्याचा आवाज घरात येई. एकला हात धुऊन ते पानावर बसत आणि सांगत, "आज जरासा हलला."

"पाना येत नसेल तर पूजा त्याच्याकडे जाईल," इंदिराबाई म्हणाल्या आणि तबक घेऊन पोर्चमध्ये आल्या. त्यांनी वाकून बोल्टला हळदकुंकू फासलं. इतकं, की बोल्ट दिसेनासा झाला. कापूर ओवाळला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी हलणार नव्हतीच, लिंबं वाचली.

दुपारी पुरणाची होळिगे जेवून अप्पा झोपले. वाणी पाय न वाजवता पोर्चमध्ये आली. तिने या विषयावरचे पाच व्हिडिओ पाहिले होते. पणजोबांची मनातल्या मनात माफी मागून तिने एक पाय बंपरला लावला, दोन्ही हातांनी पाना धरला आणि जीव खाऊन ओढला.

बोल्ट फिरला. इतक्या सहज, की वाणी मागच्या पाण्याच्या ड्रमवर जाऊन आदळली.

उरलेला तिने बोटांनीच काढला. मॅनिफोल्ड जरासा खाली झुकला. ओढणीने कुंकू पुसलं तर बोल्ट लखलखीत. आट्यांना ताजं ग्रीस, गंजाचा ठिपका नाही. शेजारच्या बशीतले सात जळक्या लवंगांसारखे दिसत होते.

वाणीने तो तळहातावर घेऊन मान वर केली. समोर खिळ्यावर खाकी शर्ट टांगलेला होता. धुऊन, इस्त्री करून. उद्या दहासाठी.

मग तिने फाटकाबाहेरच्या माडाकडे पाहिलं. वर सहा-सात नारळ होते, चांगले सुकलेले. तिने बोल्ट परत जागेवर बसवला, आवळला, पाना होता तसा अडकवून ठेवला आणि फोन लावला.

"काका, नाही हो निघत तो. दसरा झाल्यावर बघू."

"कुठला दसरा?" दामोदररावांनी विचारलं.

"ते अप्पांना विचारून सांगते."

फोन ठेवून ती वळली, तर दारात आई उभी.

"अय्यो, पूजेतल्या पान्याला हात लावलास? निघाला का?"

"नाही," वाणी म्हणाली. "फार गंजलाय."

इंदिराबाईंनी बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं आणि कमरेचा कुंकवाचा करंडा काढून लेकीपुढे धरला.

"मग स्वल्प आणखी लाव. पुसलं की नवा दिसतो तो."