सहावी नळी

टेबलावर सहा तापमापक होते. पाच बाबांनी फुंकलेले, सहावा मी. प्रत्येक नळीवर दरबाराच्या स्वतःच्या मोजणीचे, एकेक अंश दाखवणारे पन्नास काचमणी होते. फ्लॉरेन्सच्या दरबारी प्रयोगशाळेत नळीचं माप फुंकणाऱ्याच्या श्वासानेच ठरायचं, आणि बाबांची छाती खोकल्याने भरली होती. दरबारातले विद्वान बाबांना म्हणाले, "ताद्देओ, मुलीची नळी तुमच्या नळ्यांशी जुळली, तर भट्टी तिची. नाहीतर व्हेनिसचा कारागीर बोलावतो." "तिथले फुलदाण्याच फुंकतात, साहेब," बाबा गुरगुरले. मग माझ्या कानाशी म्हणाले, "फुंकताना बेडकीसारखी दिसतेस." "तुमचे तर गाल आता फुगतच नाहीत." ते हसले, खोकले. साहेबांनी सगळ्या नळ्या बर्फाच्या घंगाळात उभ्या केल्या. नळ्यांत भरलेला मद्यार्क गार होऊन उतरू लागला. माझ्या नळीतला मागेच राहिला. बाबांनी माझा हात धरला. "थांब. तुझी काच जरा जाड आहे, उशिरा गार होते." थोड्या वेळाने साहेबांनी वहीत लिहिलं: सहाही नळ्या, साडेतेरा अंश.