शोधून सापडत नाहीत

रक्तदाबाच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या मावशींना सिस्टरनं आग्रह करून त्यात घेतलं. "मावशी, तुमच्यासारख्या कष्टाच्या बायका यात येतच नाहीत हो. तुम्ही तरी नाही म्हणू नका."

मावशींनी एक गोळी चुकवली नाही. पण तपासणी सोमवारी अकराला, आणि मुकादम ड्युटीच्या वेळेत दहा मिनिटंही सोडेना. "ड्युटीच्या आधी, सकाळी सातला घ्या की, मी इथंच असते," असं त्यांनी चाचणीच्या डॉक्टरांना तीनदा विनवलं. नियमात बसत नाही, म्हणाले. तीन तपासण्या हुकल्या आणि मावशींच्या नावावर काट बसली.

पुढच्याच महिन्यात बैठकीत मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत होते, "या बायकांना स्वतःच्या जिवाची काडीची फिकीर नसते. अर्ध्यावर पळून जातात, मग शोधून सापडत नाहीत." सिस्टरनं मान खाली घातली. मावशींच्या मात्र मस्तकात तिडीक गेली.

"साहेब, पाय उचला. पळून गेलेली बाई तुमच्या खुर्चीखाली सांडलेला चहा पुसतेय."